घर पाहावं आषाढात

मुळशीत घर बघायला लोक येतात ते बहुधा दसऱ्यानंतर आणि होळीच्या आत, रविवारी, न्याहारी उरकून. हवा कोरडी असते, सुट्टी म्हणून रस्ता मोकळा असतो, बोअरला पाणी असतं आणि पावसाळ्यातली ओल भिंतींतून निघून गेलेली असते. चांदणी चौक ओलांडून भूगाव, भुकूम, पिरंगुटकडे जाणाऱ्या किंवा सूस, नांदे, माण, मारुंजीकडे वळणाऱ्या कुटुंबाला तालुका त्या दिवशी आपलं सगळ्यात गोड रूप दाखवतो. हेच घर जुलैत कसं असतं आणि मे महिन्यात त्याच्या नळाला काय येतं, हे आज कळायला मार्ग नाही, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. मार्ग आहेत. त्यासाठी सजवलेल्या दिवाणखान्यातून बाहेर मात्र पडावं लागतं.

आधी इथल्या पावसाचा अंदाज हवा. २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात साऱ्या वर्षात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, म्हणजे शहराचा दोन-तृतीयांशाहून अधिक पावसाळा ताम्हिणीत एका दिवसात उतरला. त्याच दिवशी लवासा या गिरिनगरात दरड कोसळून बंगले गाडले गेले. ताम्हिणी ते चांदणी चौक हे अंतर पन्नासेक किलोमीटर. पूर्वेकडे येताना पाऊस झपाट्याने कमी होत जातो, त्यामुळे पौडचं घर आणि बावधनचं घर यांना एकच मोजमाप लावता येत नाही. बावधनला चालून गेलेली बांधकामाची हयगय मुळशी धरणाच्या काठावर पहिल्याच श्रावणात उघडी पडते.

दुसरी गोष्ट कायद्याची. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याच्या ५५व्या कलमात विकणाऱ्याची कर्तव्यं सांगितली आहेत. मालमत्तेत किंवा मालकीहक्कात महत्त्वाचा दोष असेल, विकणाऱ्याला तो माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि सामान्य काळजी घेऊनही त्याला तो सापडण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगायलाच हवा. न सांगणं ही फसवणूक ठरते. याचीच दुसरी बाजू अशी की जो दोष सामान्य काळजीने सापडला असता, त्याबद्दल घेणाऱ्याला पुढे तक्रार करायला फारशी जागा उरत नाही. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून घर बाजारात आणतानाच विकणाऱ्याला सर्वेक्षकाचा अहवाल तयार ठेवावा लागतो. आपल्याकडे तशी सक्ती नाही. घरतपासणी करून देणारे खासगी लोक पुण्यात आहेत, पण त्यांना परवाना देणारी सरकारी व्यवस्था नाही, आणि तीन मजली इमारतीत फ्लॅट घेणारा माणूस सहसा त्यांच्यापर्यंत पोचतही नाही. तेव्हा मुळशीत सामान्य काळजी म्हणजे काय काय, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

ही काळजी आपल्या वतीने दुसरं कोणीतरी घेतंय, असा एक समज फार पसरलेला आहे. ‘बँकेने कर्ज दिलंय, म्हणजे सगळं बघूनच दिलं असणार.’ बँकेचा वकील मागच्या तीसेक वर्षांच्या नोंदींचा शोध घेतो, मूल्यांकन करणारा इंजिनिअर येऊन क्षेत्र, बाजारभाव आणि बांधकामाची अवस्था पाहून जातो. दोघेही आपापलं काम करतात, पण ते काम बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का एवढंच पाहण्याचं असतं. पश्चिमेची भिंत झिरपते की नाही, याने कर्जाच्या हप्त्याला फरक पडत नाही. शिवाय भोगवटापत्र नसलेल्या इमारतींनाही वर्षानुवर्षं कर्जं मिळत आली. सर्वोच्च न्यायालयाला १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सांगावं लागलं की बँकांनी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासल्याशिवाय इमारत तारण ठेवून कर्ज देऊ नये.

महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचं, तसंच. १ मे २०१७ पासून ही व्यवस्था आली आणि तिने ग्राहकाला बरंच बळ दिलं. बिल्डरला नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर ३० दिवसांत त्याला तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा ८ सदनिकांपर्यंतचे प्रकल्प या नोंदणीतून सुटतात, आणि मुळशीच्या गावांतून नेमक्या अशाच छोट्या इमारती भराभर उठत आहेत. नोंदणी क्रमांक असला म्हणजे संपलं, असंही नाही. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे क्रमांक मिळवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या, तेव्हा आत माणसं राहत होती. क्रमांक मिळाला की संकेतस्थळावर जाऊन त्यामागे जोडलेला मंजूर नकाशा, बोजा आणि दावे वाचायचे, आणि परवानगीपत्राचा क्रमांक ते देणाऱ्या कार्यालयात जाऊन पडताळायचा. एक सकाळ जाते.

वास्तुशास्त्र बघणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. होकायंत्र हातात आहेच तर घराची पश्चिम आणि नैर्ऋत्येची भिंत कोणती, तेवढं मात्र नोंदवून ठेवावं. इथला पाऊस तिकडून येतो.

तो सरळ पडतही नाही. घाटमाथ्यावरून वाऱ्याबरोबर आडवी झड येते आणि तासन्‌तास त्याच भिंतीला झोडपत राहते. मुळशी-मावळातली जुनी घरं पाहिली की या झडीची जाण लगेच दिसते. छपराला चांगला उतार, वळचण खाली आलेली, भिंती बुटक्या. आज त्याच जागी वीस मजल्यांचे मनोरे आहेत आणि भिंतीच्या पातळीत बसवलेल्या मोठ्या काचा आहेत. खिडकीवर छज्जा पुढे आला आहे का, छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का, खिडकीच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार आहे की आत, सरकत्या खिडकीच्या पट्टीत पाणी निघून जायला भोकं आहेत का, हे पाहायला पाच मिनिटं लागतात. सॅम्पल फ्लॅटमध्ये हे कधीच दिसत नाही. तो बहुधा तळमजल्यावर, कोपऱ्यात, स्वतंत्र उभारलेला असतो. आपला फ्लॅट ज्या मजल्यावर, ज्या दिशेला येणार आहे, तिथेच चढून जावं.

जुना, म्हणजे दुसऱ्या हातचा फ्लॅट असेल तर घर स्वतःच बरंच सांगतं. एका फेब्रुवारीत नात्यातल्या एका जोडप्यासाठी आम्ही भूगावच्या पुढे सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट पाहिला. स्वच्छ, हवेशीर, दोन्ही बाजूंना डोंगर. रंगाचा वास येत होता, पण एकाच बेडरूममधून. त्याच खोलीत पीओपीचं छत नवं होतं, बाकी कुठेच नव्हतं. पश्चिमेच्या भिंतीला लागून कपाट होतं. ते थोडं पुढे ओढायची परवानगी मागितली, तर मागे जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत गिलाव्याचे पोपडे सुटलेले आणि त्यावर लोणा लागलेला. दरवाजाच्या चौकटीचा तळ फुगलेला होता. सगळ्यात स्पष्ट साक्ष स्विचबोर्डाच्या स्क्रूंनी दिली. त्या खोलीतले स्क्रू गंजून तांबूस झाले होते, बाकी घरातले चकचकीत. रंग भिंतीला लावतात, स्क्रूला कोणी लावत नाही. मालक सभ्य गृहस्थ होते. ‘किरकोळ आहे हो, बाहेरून रंग दिला की थांबेल,’ म्हणाले. वॉचमनकडून किल्ली घेऊन गच्चीवर गेलो. अर्ध्या गच्चीवर सोसायटीने पत्र्याची शेड घातली होती. गच्चीवर पत्रा दिसला की एवढं समजावं की कोबा निकामी झालेला आहे आणि सभासदांनी तो पुन्हा करण्याचा खर्च टाळलेला आहे. उरलेल्या अर्ध्या भागात, नेमक्या त्या बेडरूमच्या वर, पाणी जायच्या तोंडाशी शेवाळाचा काळा डाग सुकून बसला होता. पाणी तिथे साठत होतं आणि साठलेलं पाणी खाली उतरत होतं.

भिंतीवरच्या तड्यांनी पुष्कळ लोक उगाच घाबरतात, आणि घाबरायच्या ठिकाणी निर्धास्त राहतात. सिपोरेक्सच्या हलक्या विटांची भिंत जिथे कॉलमला किंवा बीमला मिळते, तिथे केसाएवढी सरळ रेघ पडणं फार सामान्य आहे. दोन वेगळी सामानं उन्हाथंडीत वेगवेगळी आकसतात, त्याची ती खूण. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला आणि पुढे रुंद होत गेलेला तडा मात्र पाया कुठेतरी खचल्याची शंका आणतो. काळ्या मातीत हे जास्त होतं, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मुरूम आणि कातळ लागेपर्यंत पाया गेला आहे की नाही, हे विचारून घ्यावं. बाल्कनीच्या किंवा बाथरूमच्या स्लॅबखाली तांबूस रेघ असेल, किंवा खपली सुटून सळई दिसत असेल, तर तिथे रंगकामाचा प्रश्न उरलेला नसतो. सळई गंजली की फुगते आणि भोवतालचं काँक्रीट फोडते. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावल्याशिवाय पुढचं बोलू नये. त्याची फी एका महिन्याच्या हप्त्यापुढे काहीच नसते.

बाथरूम तपासायची जागा खालच्या मजल्यावर असते. आपण घेणार तो फ्लॅट चौथ्यावर असेल, तर तिसऱ्यावरच्यांची बेल वाजवावी, ओळख सांगावी आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघू द्याल का, असं विचारावं. बहुतेक जण आनंदाने दाखवतात, कारण वरच्यांच्या गळतीने ते आधीच कावलेले असतात. वर फरशीवर बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं की कोपऱ्यात थांबतं तेही पाहावं. नाण्याने फरशी ठोकली की पोकळ आवाज येणाऱ्या फरश्या कळतात. टेप घेऊन चटईक्षेत्र मोजावं. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती त्यात धरतात, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत. या तपासण्यांना साधं कुतूहल पुरतं, पण घरमालकासमोर संकोच वाटतो म्हणून लोक त्या करत नाहीत. लाखो रुपयांच्या व्यवहारात हा संकोच मला समजत नाही.

आता इमारतीखालची जमीन. मुळशीत सपाट जागा संपत आल्या आणि बांधकाम उतारावर चढलं. सूस, बावधन, भूगाव या बाजूंना टेकडी कापून एका अंगाला खोदायचं आणि तीच माती दुसऱ्या अंगाला भरायची, ही पद्धत सर्रास दिसते. कापलेल्या बाजूवरचं घर आणि भरावावरचं घर एकाच नकाशात शेजारी असतात, भावही सारखाच असतो, पण दोघांचा पाया सारखा नसतो. १:५ पेक्षा तीव्र उतारावर विकास नियंत्रण नियमावली बांधकामाला मनाई करते, ती उगाच नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, ते याच जिल्ह्यात. मागे टेकडी असेल तर तिच्या पायथ्याची आधारभिंत आधी पाहावी. त्या भिंतीला पाणी निघून जायची भोकं आहेत का, ती वाहती आहेत की सिमेंटने बुजलेली आहेत, भिंत मध्ये पोट काढून पुढे आली आहे का, वरच्या जमिनीत तिला समांतर भेगा आहेत का. टेकडीवरची झाडं एकाच दिशेला कलली असतील तर जमीन सरकते आहे, असं समजावं.

ओढ्यांचं प्रकरण याहून व्यापक आहे. जून २०२५ मध्ये हिंजवडीच्या रस्त्यांना नदीचं रूप आलं, तेव्हा नैसर्गिक ओढे-नाले बुजवून, वळवून त्यांवर बांधकामं झाल्याचं सगळ्यांच्या तोंडी आलं आणि पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, नोटिसा काढल्या. घर घेणाऱ्याला हे आधी कळू शकतं. भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशा मिळतो. त्यात ओढा दाखवलेला असेल आणि जागेवर दिसत नसेल, तर तो नाहीसा झालेला नाही. पावसाळ्यात तो आपल्या वाटेने परत येतो, बहुधा पार्किंगमधून. तळघरातल्या पार्किंगच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर मातकट रेघ आहे का, उपशाचे पंप किती आहेत, लिफ्टच्या खड्ड्यात ओल आहे का, हे टॉर्च लावून पाहावं. नदीकाठच्या नांदे, म्हाळुंगे, माण या पट्ट्यात जलसंपदा विभागाची पूररेषा विचारावी. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून जास्त भाव घेतला जातो, तेव्हा ही रेषा गॅलरीच्या कुठल्या बाजूला आहे हे विचारण्याचा हक्क त्याच पैशात येतो.

आणि इतकं पाणी पडूनही मे महिन्यात नळ कोरडा. टाटांचं मुळशी धरण याच तालुक्यात आहे, पण त्याचं पाणी वीज तयार करायला घाटाखाली भिऱ्याला जातं. टेमघर धरणाचं पाणी खडकवासल्यातून पुणे शहराला जातं. नव्या गृहप्रकल्पांच्या वाट्याला येतात बोअर आणि टँकर. परवानगी घेताना अनेक बिल्डरांनी, सार्वजनिक पाणीपुरवठा येईपर्यंत पाणी आम्ही देऊ, असं हमीपत्र लिहून दिलेलं असतं. सोसायटी स्थापन झाली की ते हमीपत्र कोणाच्या कपाटात गेलं, हे कोणालाच सांगता येत नाही आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये जमा होतं. म्हणून हमीपत्राची प्रत मागून घ्यावी.

पाण्याची खरी माहिती विक्री कार्यालयात मिळत नाही, गेटवर मिळते. त्याच भूगावच्या सोसायटीत आम्ही वॉचमनला विचारलं, ‘काका, टँकर येतात का?’

‘आता कुठं? आता पाणी हाय बोअरला. होळी झाली की लागतात.’

‘मग किती येतात दिवसाला?’

‘वही हाय ना. बघा की.’

टेबलावर आवक-जावकची वही होती. मागची पानं उलटली, तर एप्रिल आणि मेच्या प्रत्येक तारखेखाली टँकरचे नंबर आणि वेळा एकाखाली एक लिहिलेल्या, काही रात्री दोनच्या. विकणाऱ्याने, एजंटाने, कोणीही न सांगितलेला सगळा उन्हाळा त्या वहीत होता. यानंतर सोसायटीच्या वार्षिक सभेचा अहवाल आणि जमाखर्च मागावा. टँकर, डिझेल, लिफ्टची दुरुस्ती, गळतीची कामं यांवर काय खर्च झाला, थकबाकीदार किती, बिल्डरशी कोर्टात काय चालू आहे, हे त्यात छापलेलंच असतं. विकणारा सभासद असल्याने त्याच्याकडे त्या प्रती असतात. द्यायला तो टाळाटाळ करत असेल तर त्यातूनही काही कळतं.

पाण्याच्या दर्जाकडे लोकांचं लक्ष गेलं ते जानेवारी २०२५ मध्ये, सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या गावांत जीबीएस (गिलेन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि विहिरी, टँकर, खासगी प्लांट यांचं पाणी तपासलं जाऊ लागलं तेव्हा. मुळशीतही टँकर कुठल्या विहिरीवर भरतो हे कोणी विचारत नाही. नळाच्या तोंडाशी आणि शॉवरच्या भोकांत पांढरा थर साठला असेल तर पाणी जड आहे. बाटलीभर नमुना प्रयोगशाळेत दिला की बाकीचं कळतं. सांडपाण्याच्या प्रक्रियेचा प्लांट चालू आहे की नुसता रंगवून ठेवला आहे, हे मात्र संध्याकाळी त्याच्या जवळून एक चक्कर मारली की नाकालाच कळतं.

कागदांकडे यायला मी मुद्दाम उशीर केला, कारण लोक कागद वकिलावर सोपवतात आणि जागेवर जाऊन विचारायचे प्रश्न विचारायचे राहतात. मुळशीत पहिला प्रश्न, परवानगी कोणाची? बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही गावं जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. हिंजवडी, माण, मारुंजीच्या समावेशाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. उरलेल्या मोठ्या भागात ३१ मार्च २०१५ पासून नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीए आहे. असं असूनही ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे, घरपट्टी चालू आहे’ एवढ्यावर फ्लॅट विकले जातात. गावठाणाबाहेरच्या चारपाच मजली इमारतीला ग्रामपंचायतीच्या कागदाने अधिकृतपणा येत नाही. घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा आहे, बांधकाम कायदेशीर असल्याचा नाही. विचारायची ती दोन नावं: बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटापत्र. मंजूर नकाशा समोर धरून मजले मोजायचे. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला संकुलात लोक दोन-अडीच दशकं राहत होते, तरी वरचे मजले मंजूर नव्हते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांच्याविरुद्ध निकाल दिला.

बंगल्याचा प्लॉट किंवा फार्महाऊस घेणाऱ्याची वाट आणखी निसरडी. सातबाऱ्यावर मालकाचं नाव पाहून लोक पान मिटतात. वाचायचा असतो तो ‘इतर हक्क’ हा रकाना. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, नवीन शर्त, वनाचा शेरा, पुनर्वसनासाठी राखीव असल्याची नोंद, सगळं तिथे असतं. भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर परवानगीशिवाय ती जमीन विकताच येत नाही. जमीन शेतीची असेल तर कुळकायद्याच्या ६३व्या कलमामुळे शेतकरी नसलेल्याला ती घेता येत नाही. गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे सामाईक खरेदीखताने विकण्याची पद्धत तर हिंजवडीपासून पौडपर्यंत फोफावली. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली ऑगस्ट २०२३ मध्ये जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे ही मर्यादा आली. २०२५ मध्ये निवासी वापराच्या पट्ट्यांसाठी सरकारने त्यात मोठी सवलत दिली. ही सवलत तुकड्याच्या व्यवहाराला आहे, त्यावर घर बांधायची परवानगी तिने आपोआप मिळत नाही. खरेदीखताची नोंदणी झाली म्हणजे मालकी निर्विवाद झाली, हाही गैरसमज. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात, हक्काची हमी देत नाहीत.

प्लॉट पाहताना एक प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो: हा रस्ता कोणाच्या सातबाऱ्यातून जातो? गाडी थेट प्लॉटपर्यंत जाते, म्हणून रस्ता आहे असं वाटतं. तो शेजारच्या शेतकऱ्याच्या बांधावरचा, त्याच्या सौजन्याने चाललेला असू शकतो. उद्या त्याने जमीन विकली आणि नव्या मालकाने तारा ठोकल्या, की बंगला बेटावर. रस्ता मंजूर रेखांकनात दाखवलेला हवा किंवा वहिवाटीचा हक्क नोंदलेला हवा. मोजणी मागवून हद्दीच्या खुणा जागेवर पाहाव्यात. धरणाच्या काठाला तर हे अटळ आहे, कारण तिथे टाटांच्या संपादित जमिनीची हद्द लागते आणि पाण्याची कड ऋतूप्रमाणे सरकते. याच जमिनीसाठी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. शिवाय पश्चिमेकडचा रिंग रोड मुळशीतून जातो. त्याच्या आखणीत आपला गट क्रमांक येतो का, आणि पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या प्रारूप यादीत गाव आहे का, हे पाहून घ्यावं. लवासासारख्या प्रचंड प्रकल्पाचं काम नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण परवानगीवरून थांबवलं गेलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिथे घर घेतलेल्यांनी घर बघताना तळं आणि टेकडी पाहिली होती.

शेजार लवकर उरकतो. वाऱ्याच्या दिशेला सिमेंट काँक्रीटचा आरएमसी प्लांट आहे का, खडीक्रशर किती लांब, डोक्यावरून उच्चदाबाची तार जाते का. कारखाने जवळ असतील तर तिथे काय बनतं ते विचारावं. ७ जून २०२१ रोजी उरवड्याच्या रसायन कारखान्यातल्या आगीत पंधराहून अधिक कामगार गेले. रस्त्याचा वेळ रविवारी मोजू नये, सोमवारी सकाळी नऊला भूगावातून चांदणी चौकापर्यंत किंवा माणहून हिंजवडीच्या फेज एकपर्यंत गाडी काढावी.

मग दुसरी फेरी आषाढात. भर पावसात, शक्य तर चार दिवसांची झड लागल्यानंतर. विकणारा घाई करेल, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणेल. असेलही. पण फेब्रुवारीत पसंत पडलेलं घर जुलैपर्यंत थांबवायचं नसेल, तर निदान ५५व्या कलमाचा उरलेला भाग वापरावा. मालमत्तेविषयी आणि हक्काविषयी घेणाऱ्याने विचारलेल्या सर्व संबंधित प्रश्नांची, आपल्याला असलेल्या माहितीप्रमाणे उत्तरं देणं हेही त्या कलमात विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. तोंडी विचारलेलं हवेत जातं, म्हणून विसार देण्याआधी प्रश्न लेखी पाठवावेत, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. गेल्या तीन पावसाळ्यांत कुठल्या भिंतीतून, कुठल्या छतातून गळती झाली आणि तिच्यावर काय काम केलं? उन्हाळ्यात टँकर किती लागतात? भोगवटापत्राची प्रत द्याल का? सोसायटीकडे किंवा कोर्टात या घरासंबंधी काही तक्रार, दावा, नोटीस आहे का? जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावावर झालं का?

आलेली उत्तरं विसारपावतीला जोडावीत आणि त्यांपैकी काही खोटं निघालं किंवा हक्क निर्वेध नसला तर विसार परत, असं एक वाक्य तीत घालून घ्यावं. साठेखताचा मसुदा हातात आला की एक कलम शोधावं. ते बहुतेक मसुद्यांत असतं: घेणाऱ्याने मिळकत समक्ष पाहून, तपासून, ‘आहे त्या स्थितीत’ पसंत केली आहे आणि तिच्याविषयी त्याची कोणतीही तक्रार नाही. ५५व्या कलमातली कर्तव्यं ‘वेगळा करार नसेल तर’ लागू होतात, आणि हे एक ओळीचं कलम तो वेगळा करार म्हणून पुढे केलं जातं. ते काढून टाकायला सांगावं. विकणारा ऐकत नसेल, तर त्याच्याच पुढे ‘विकणाऱ्याने दिनांक अमुकच्या लेखी उत्तरांत दिलेल्या माहितीवर विसंबून’ एवढे शब्द वकिलाकडून घालून घ्यावेत, आणि मगच सही करावी.